पंधरा अंशांतला चक्का

चेन्नईत पंधरा अंश तापमान मिळण्याची माझ्या माहितीत एकच जागा आहे, आणि तिथे राहायचा परवाना फक्त एक मिलिमीटर लांबीच्या कृमींना आहे. पेरुंगुडीच्या जरा पलीकडे, आमच्या संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, माझ्या खांद्याएवढी एक पांढरी पेटी उभी आहे. कागदोपत्री तिचं नाव इन्क्युबेटर. आत कृमींच्या प्लेट ठेवलेले ट्रे, दोन जाळ्यांवर, वर आणि खाली. मे महिन्यात शर्ट पाठीला चिकटलेल्या अवस्थेत मी बसमधून उतरायचो, जिना चढायचो, कुणी बघत नाही ना ते पाहायचो, आणि पेटीचं दार उघडून तोंड आत घालायचो. दहा सेकंद. मी नाशिकचा. पंधरा अंश म्हणजे आमच्याकडची डिसेंबरातली सकाळ. दहा सेकंद मी नाशकात असायचो, मग दार लावून चेन्नईत परत.

माझं काम सूक्ष्मदर्शक सांभाळण्याचं. भिंगं पुसणं, दिवे बदलणं, आणि नवशिक्या संशोधकांनी वीस लाखांच्या यंत्राला गुडघा लावला की ओरडणं. चेन्नईला मी आलो तो बायकोच्या बदलीबरोबर. ती बँकेत. चार बॅगा आणि मी, असं तिचं सामान होतं. तांबरमला तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं आणि हां हां म्हणता अकरा वर्षं झाली.

प्रयोगशाळेत मराठी बोलायला मला एकच माणूस होतं. पीएचडी करणारी एक मुलगी, तंजावरकडच्या मराठी घरातली. तिचं मराठी साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्याकडून निघालेलं आणि वाटेत तमिळ गिळत गेलेलं. ‘नाही’ म्हणताना ती नाकातून असा काही सूर काढायची, की एखादी जुनी पोथी बोलायला लागल्यासारखं वाटे. मग लगेच ‘अय्यो’. मला ती मामा म्हणायची. माझं मराठी ऐकून तिला हसू यायचं. ती म्हणे, “मामा, तुम्ही टीव्हीवाल्यांसारखं बोलतां.”

तिच्या संशोधनाचा विषय पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी म्हणालो, “म्हणजे सामान हलवण्याचं काम.” ती रागावली. पण मी चुकलो नव्हतो.

हा कृमी अंड्यातून बाहेर येतो तेव्हा त्याच्या दोन्ही कुशींना सहा-सहा पेशी असतात. त्यांच्या केंद्रकांना, म्हणजे पेशीच्या पोटातल्या त्या गोल गाठोड्यांना, कुशीवरून खाली पोटाकडे उतरायचं असतं. वाटेत एका बाजूला स्नायू, दुसऱ्या बाजूला कातडी, आणि मधली फट इतकी बारीक की केंद्रकाला पोळीसारखं चपटं झाल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. ते आपण होऊन चपटं होत नाही आणि आपण होऊन चालतही नाही. ते काम पेशीच्या सांगाड्याचं. सांगाडा म्हटलं की आपल्याला हाडं आठवतात. हा सांगाडा मात्र घडीघडीला बांधला जातो आणि घडीघडीला मोडला जातो. त्यात लांब नळ्या आहेत, बारीक धाग्यांची जाळी आहे, आणि त्या नळ्यांवरून ओझं ओढत चालणारे चिमुकले हमालही आहेत. केंद्रकाच्या आवरणातून एक आकडा बाहेर आलेला असतो. हमाल तो आकडा धरतात आणि ओढतात.

“आमच्या कपाटासारखं,” मी म्हणालो.

“कुठलं कपाट?”

मग मी तिला तांबरमच्या जिन्याची गोष्ट सांगितली. आमचं लोखंडी कपाट दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलं होतं. कठडा आणि भिंत यांच्यामध्ये ते असं बसलं की खालचे लोक खाली आणि वरचे लोक वर. चार हमाल, आणि दोरीला धरून ओढणारा त्यांचा म्होरक्या. दोरी तुटली. मला वाटलं, आता जन्मभर कपडे जिन्यात जाऊन बदलायचे. पण खालच्या दोघांनी पाठी लावल्या, खांद्याने, गुडघ्याने, इंच इंच ढकलत कपाट वर नेलं. दोरीशिवाय.

ती खुर्चीवरून उठलीच. “मामा! हेच! अगदीं हेच!”

तिचा सगळा प्रबंध त्या तुटलेल्या दोरीवर होता. काही कृमींमध्ये तो आकडाच नसतो. गंमत अशी की पेटीत, पंधरा अंशांत, त्यांची केंद्रकं तरीही बहुतेक वेळा नीट पोटाशी पोचतात. पंचवीस अंशांत मात्र अडकतात. म्हणजे थंडीत मागून ढकलणारं दुसरं कुणीतरी आहे, आणि गरमीत ते कमी पडतं. तिचं म्हणणं, ढकलणारी म्हणजे ती धाग्यांची जाळी, आणि त्या जाळीला कामाला लावणारं एक जनुक तिने हेरलं होतं. आकडाही नाही आणि ते जनुकही नाही, असा नवा कृमी तिने वर्षभर खपून तयार केला होता. तिचं बरोबर असेल तर हा कृमी थंडीतही अडकायला हवा. दोरीही गेली, खांदाही गेला.

अडकलेलं केंद्रक म्हणजे मेलेली पेशी. अशा पेशींतून पुढे ज्या मज्जापेशी व्हायच्या त्या होत नाहीत. कृमी मोठा होतो तो वेडावाकडा वळवळणारा, आणि अंडी घालायची वाटच नसलेला. बिचाऱ्याची अंडी त्याच्या पोटातच फुटतात. सूक्ष्मदर्शकाखाली या मज्जापेशी हिरव्या चमकतील अशी सोय केलेली असते. पोटाखाली हिरव्या ठिपक्यांची सबंध माळ दिसली म्हणजे केंद्रकं पोचली. माळेत रिकाम्या जागा दिसल्या म्हणजे अडकली. तिचं सगळं भवितव्य त्या रिकाम्या जागा मोजण्यावर होतं.

आता चक्क्याकडे येतो.

पाडव्याला श्रीखंड करायचं म्हणजे चक्का टांगायला हवा. चेन्नईत दही सकाळी टांगलं तर दुपारी ते आंबट ढाण. घरच्या फ्रिजमध्ये टांगावं तर थंडीने पाणी गळत नाही, शिवाय आमच्या फ्रिजमध्ये वर्षभर लसणाचं लोणचं, आणि चक्का वास असा पकडतो की श्रीखंडाला फोडणी दिल्यासारखं लागतं. दहा पाडवे मी बायकोचे टोमणे आणि बाजारचं श्रीखंड खाल्लं. या वर्षी पाडव्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, मी नेहमीसारखं तोंड पेटीत घातलं आणि मला साक्षात्कार झाला. पंधरा अंश! नाशकात आई चक्का टांगायची ती हीच हवा.

पंचा, दोन किलो दही, पातेलं. वरच्या जाळीला गाठ मारली. गाठोडं लोंबायला जागा हवी म्हणून खालची जाळी ट्रेसकट बाहेर काढली आणि अलगद पेटीच्या माथ्यावर ठेवली. प्लेटना झाकणं असतात, आत धूळ जायचा प्रश्न नव्हता. दहा वाजता टांगलं, चार वाजता उतरवलं. ट्रे होता तिथे ठेवला. मुलगी बुधवारी सकाळपासून तांबरमच्या एका कॉलेजात प्रात्यक्षिकं घ्यायची आणि पाचला प्रयोगशाळेत यायची, त्यामुळे कुणाला पत्ता नाही.

काय चक्का झाला होता म्हणून सांगू! सुरीने कापावा असा.

बायकोने पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. “अहो, हे कसं केलंत?”

“हात लागतो,” मी म्हणालो.

दर गुरुवारी तिच्या बँकेत पाच-सहा मराठी मंडळी डबे घेऊन एका टेबलाशी बसत. तिथे एकदा डबा गेला आणि मागणी आली. मग दर बुधवारी चक्का. एक वाटी मुलीला, एक वाटी आमच्या गाईडबाईंना. गाईडबाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, तमिळ, शिस्तीच्या, हसल्या तर वर्तमानपत्रात बातमी यावी अशा. त्यांनीसुद्धा वाटी परत करताना विचारलं होतं, पुढच्या आठवड्यात आहे का.

आणि त्याच चार आठवड्यांत मुलीचं नशीब उघडलं. दर सोमवारी संध्याकाळी ती अंडी पेटीत ठेवायची, बुधवारी दुपारच्या सुमाराला केंद्रकांची उतरंड व्हायची, आणि पुढच्या आठवड्यात मोठ्या झालेल्या कृमींमध्ये ती ठिपके मोजायची. वरच्या ट्रेमध्ये नुसता आकडा नसलेले कृमी. खालच्या ट्रेमध्ये तिचे नवे, लाल चिकटपट्टी लावलेले. वरच्यांच्या माळा जवळपास सबंध. लालवाल्यांच्या माळांत भगदाडं. पहिल्या आठवड्यात तसंच, दुसऱ्यात तसंच, तिसऱ्यात तसंच.

ती माझ्या खोलीत नाचत आली. खरंच नाचत, लहानपणी भरतनाट्यम शिकली होती. “मामा, थंडीतही अडकलीं! खांदा सांपडला!” आणि माझ्या डब्यातलं श्रीखंड बोटाने चाटून खाल्लं.

मला इतका आनंद झाला की मी तिला दुसरी वाटी दिली.

वर्षभराची तिची शिष्यवृत्ती संपत आली होती. पंधरा दिवसांनी शुक्रवारी समितीपुढे ती हा निकाल मांडणार होती. समितीने मान्य केला तर आणखी दोन वर्षं मिळणार होती. नाही केला तर विषय सोडून नवीन काहीतरी सुरू करायचं, किंवा घरी जायचं. घरी तिच्या वडिलांनी आधीच एक चांगलं स्थळ बघून ठेवलं होतं, आणि ती त्या स्थळाचा उल्लेख ‘पंचवीस अंश’ असा करायची.

गुरुवारी तिने आम्हा सगळ्यांसमोर भाषणाची रंगीत तालीम केली. मी मागच्या रांगेत. पहिली चित्रं केंद्रकांची, मग सांगाड्याच्या नळ्यांची, मग एक साधा फोटो: आमची पेटी, दार उघडं, दोन ट्रे.

“गल्लत होऊ नये म्हणून,” ती इंग्रजीत म्हणाली, “लाल पट्टीचा ट्रे मी नेहमी खालच्या जाळीवर ठेवते. एकदाही बदल केलेला नाही.”

मी तो फोटो बघितला. खालची जाळी. लाल पट्टी.

मला आठवतं की त्याच वेळी गाईडबाईंनी मान डोलावली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण हात आपोआप वाजले. पण नजर त्या खालच्या जाळीवर गेली ती अडकूनच बसली.

दर बुधवारी, दहा ते चार, नेमक्या उतरंडीच्या तासांत, ते लालवाले कृमी पेटीच्या माथ्यावर होते. वरचे थंडीत. खालचे माझ्या चक्क्यासाठी बाहेर.

मी स्वतःची समजूत घालायला सुरुवात केली. या कलेत मी तरबेज आहे. खोलीत एसी असतो. किती गरम होणार? संध्याकाळी सगळे चहाला गेल्यावर मी पेटीच्या माथ्यावर थर्मामीटर ठेवला. संस्थेच्या फर्मानानुसार एसी पंचवीसवर, त्यात पेटीचं यंत्र मागून गरम हवा वर सोडतं. पारा पंचवीसच्या वर गेला आणि तिथे आरामात बसला. मी थर्मामीटर झटकला, फुंकर मारली, उलटा ठेवला. पारा तिथेच.

म्हणजे तो शोध तिचा होता की माझ्या दोन किलो दह्याचा, हे सांगायला काही मार्ग नव्हता.

घरी जाऊन बायकोला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, “त्या पेटीत अळ्या असतात?”

“कृमी. एक मिलिमीटर. झाकणाखाली.”

“आणि माझ्या मॅनेजरने तीन वाट्या खाल्ल्या.” ती बराच वेळ हसत होती. मग हसू थांबलं. “अहो, त्या पोरीला उद्या सांगा. सकाळीच सांगा. ती तुम्हाला मामा म्हणते.”

“ती मला मारेल.”

“मारू दे.”

शुक्रवारी तिचं कॉलेज नव्हतं, ती दहालाच आली. मी तिला माझ्या खोलीत बोलावलं, दार लावलं. रात्रीपासून मी भाषण पाठ केलं होतं, विनोद पेरून. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही.

“खालचा ट्रे,” मी म्हणालो. “दर बुधवारी मी तो बाहेर काढत होतो.”

“कां?”

“चक्का टांगायला.”

तिला चक्का हा शब्द कळला नाही. त्यांच्या घरी श्रीखंड होतं ते लग्नात, आचाऱ्याकडून. मला हातांनी गाठोडं करून, लोंबकळवून, ठिबकवून दाखवावं लागलं. ती माझ्या हातांकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरून सगळे रंग हळूहळू उतरत होते.

“किती वेळ?”

“दहा ते चार.”

“कुठे ठेवत होतां?”

“पेटीवर. सव्वीस अंश आहे तिथे. काल मोजलं.”

“प्रत्येक बुधवारीं?”

“प्रत्येक.”

“आणि मीं,” ती म्हणाली, “दर गुरुवारीं तुमचं श्रीखंड खात होतें. दोन दोन वाट्या.” तिचा आवाज इथे फाटला. “अय्यो मामा, मीं तुम्हांला थँक यू म्हटलं होतं!”

ती रडली. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तिने तो बाजूला सारला. मग डोळे पुसले आणि एक गोष्ट म्हणाली जी मी अजून कुणाला सांगितलेली नाही, कारण ती सांगितली की माझा अपराध कमी वाटतो: “मींच ट्रे बदलायला हवे होते. एकदा वर, एकदा खाली. पहिल्या वर्षाच्या मुलांना मींच हें शिकवतें.”

“दह्याचा दोष दह्याला राहू दे,” मी म्हणालो.

“दह्याचा दोष तुम्हांलाच आहे. चला मॅडमकडे.”

गाईडबाईंनी चष्मा काढून ठेवला. चष्मा काढला की त्यांना समोरचा माणूस धूसर दिसतो आणि त्यामुळे त्या जास्त कडक बोलू शकतात, असं माझं निरीक्षण आहे. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. मुलगी शेजारी उभी होती.

“प्रयोगशाळेत खाद्यपदार्थ आणायचे नाहीत, हा नियम दारावर कोणी लिहून लावला आहे?” त्यांनी विचारलं.

“मी, मॅडम. लॅमिनेशनही मीच करून आणलं.”

“त्या कृमींना आपण काय खायला घालतो?”

“जीवाणू, मॅडम.”

“आणि मला दिलेली वाटी त्याच पेटीतली होती?”

“झाकणं असतात, मॅडम.”

मग त्यांनी चष्मा घातला, मुलीकडे वळल्या आणि एकदम आवाज बदलून म्हणाल्या, “मागचं सगळं रद्द. सोमवारी नव्याने अंडी. चार ट्रे. दोन्ही जातींचे कृमी दोन्ही जाळ्यांवर. पट्ट्या नाहीत, फक्त क्रमांक. कोणता क्रमांक कोणाचा ते माझ्या खणात बंद. पुढच्या सोमवारी-मंगळवारी मोजणी. शुक्रवारी समिती. जे येईल ते मांडायचं.”

“मोजायचं कुणी?” मुलीने विचारलं. “मीं मोजलं तर मला रिकाम्याच जागा दिसतील.”

बाईंनी बोट माझ्याकडे केलं. “हे मोजतील. यांना शिक्षा हवी आहे, आणि यांची नजर चांगली आहे.”

त्या दिवशी पेटीला कुलूप लागलं. किल्ली मुलीच्या गळ्यात, देवीच्या लॉकेटशेजारी. माझ्या नाशिकच्या सहली बंद.

तो आठवडा मी लवकर यायचो. बुधवारी दहा वाजता मी पेटीसमोर खुर्ची टाकून बसलो. कुलूप होतंच, तरी बसलो. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, पण मला ठाऊक होतं: आत्ता, या तासांत, त्या अर्ध्या दिवसाच्या पिल्लांच्या कुशीवरून केंद्रकं निघाली असतील. आकडा नाही, दोरी नाही. मागे धाग्यांची जाळी उभी राहत असेल, मोडत असेल, परत उभी राहत असेल, खांदा लावत असेल. नाहीतर लावत नसेल. आणि मी चक्क प्रार्थना करत होतो की ती अडकावीत. इतक्या लहान जिवांसाठी इतकं वाईट मागणं मी कधी मागितलं नव्हतं.

दुपारी मुलगी कॉलेजमधून लवकर सुटून धावत आली. मला तिथे बघून म्हणाली, “जेवलात?”

“नाही.”

तिने पिशवीतून दहीभाताचा डबा काढला, माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा हसली. “हा मीं घरी केला आहे. बाहेर जाऊन खा.”

सोमवारी मोजणी सुरू झाली. अंधाऱ्या खोलीत मी एकटा, पुढ्यात क्रमांक लिहिलेल्या प्लेट. एकेक कृमी उचलायचा, काचेवर ठेवायचा, निळा प्रकाश सोडायचा. हिरवी माळ. ठिपके मोजायचे, वहीत लिहायचे, पुढचा. दोन दिवस मी एवढंच केलं. काही माळा सबंध होत्या, दिवाळीच्या तोरणासारख्या. काहींत जागा रिकाम्या. पण पूर्वीच्या आठवड्यांत भगदाडं पडायची तशी कुठल्याच प्लेटमध्ये नव्हती, आणि ते माझ्या लक्षात आलं. मी तिला काही सांगितलं नाही. नियमच होता. ती मात्र दर तासाला दाराच्या फटीशी येऊन विचारायची, “मामा, चहा?” आणि माझा चेहरा वाचायचा प्रयत्न करायची. मी नाटकात कामं केलेला माणूस. चेहरा मी असा ठेवला की तिला त्यातून रेल्वेचं वेळापत्रकसुद्धा वाचता आलं नसतं.

मंगळवारी चारला आम्ही तिघं बाईंच्या खोलीत. बाईंनी खणातून कागद काढला. मी वहीतला क्रमांक आणि मोजणी वाचायची, त्या कागद बघून म्हणायच्या: आकडा नसलेले. नवे. नवे. आकडा नसलेले. मुलगी फळ्यावर लिहीत होती. तिचा खडू दोनदा मोडला.

सगळं लिहून झाल्यावर ती मागे सरकली. आम्हीही बघितलं.

नव्या कृमींच्या रिकाम्या जागा जास्त होत्या. वरच्या जाळीवर जास्त, खालच्या जाळीवरही जास्त. पूर्वीच्या मानाने फरक लहान, बराच लहान. धो धो नव्हे, ठिबक म्हणावा इतका. पण दोन्ही जाळ्यांवर तोच फरक होता.

“खांदा आहे,” ती हळूच म्हणाली.

“एकटा नाही,” बाई म्हणाल्या. “हे जनुक गेलं तरी बरीच केंद्रकं पोचतात. म्हणजे ढकलणारे आणखी कुणी आहेत. ते शोध. दोन वर्षं पुरणार नाहीत.”

आणि त्या हसल्या. मी स्वतः पाहिलं.

शुक्रवारी समितीपुढे तिने लहान फरक लहान म्हणूनच दाखवला. समितीतल्या एका वयस्कर सरांनी तिने आधी पाठवलेला जुना गोषवारा बाहेर काढला. “यात तर तुझा परिणाम फार मोठा होता. तो कुठे गेला?”

मी मागच्या रांगेत जवळजवळ उभाच राहिलो. तिने माझ्याकडे न बघता हाताने बसा अशी खूण केली.

“तो ट्रे उतरंडीच्या वेळी पेटीबाहेर, पंचवीस अंशांच्या वर राहिला होता,” ती म्हणाली. “आमच्या प्रयोगशाळेची चूक. शिवाय मी ट्रेची जागा कधी बदलली नव्हती, ती माझी चूक. म्हणून ते निकाल मी वापरलेले नाहीत. हे नवे, मोजणाऱ्याला माहिती न देता मोजलेले.”

सरांनी विचारलं, “बाहेर कशामुळे राहिला?”

“जागेची अडचण होती, सर.”

त्यांनी गोषवारा मिटला, शेजारच्या सदस्याच्या कानाशी काहीतरी बोलले आणि दुसरा प्रश्न विचारला, धाग्यांच्या जाळीबद्दल. त्याचं उत्तर तिने वीस मिनिटं दिलं. थांबवावं लागलं.

आम्हाला बाहेर काढलं. कॉरिडॉरमध्ये आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे. ती किल्ली तोंडात धरून चावत होती. दार उघडलं आणि गाईडबाईंनी नुसती दोन बोटं वर केली. दोन वर्षं.

मला वाटलं ती नाचेल. तिने वडिलांना फोन लावला आणि तंजावरी मराठीत एका दमात सांगितलं की थंडीत थोडीं अडकतात, थोडीं पोचतात, आणि कां पोचतात तें बघायला ती दोन वर्षं राहणार आहे. पलीकडून वडील बराच वेळ बोलले. ती “हो, नाना. नाहीं, नाना,” म्हणत राहिली. मग फोन ठेवून म्हणाली, “विचारत होते, कृमी बरे आहेत ना.”

“मग काय सांगितलंस?”

“बघून सांगतें म्हटलं.” आणि किल्ली काढत ती जिन्याकडे चालायला लागली. मी मागोमाग. पेटीपाशी पोचल्यावर तिने कुलूप उघडलं, वरचा ट्रे खाली ठेवला, खालचा वर ठेवला, आणि तारीख-वेळ वहीत लिहून माझ्यापुढे धरली.

“सही करा, मामा,” ती म्हणाली. “साक्षीदार म्हणून.”